कलिंबाच्या कार्यशाळेला पहिल्यांदा जाताय?

कलिंबा म्हणजे लाकडावर बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांचं, अंगठ्यांनी वाजवायचं छोटं वाद्य. तो शिकायला येणाऱ्या बहुतेकांनी तो आधी मोबाइलवर ऐकलेला असतो. एकटा वादक, शांत खोली, माइक अगदी वाद्याला चिकटलेला. कार्यशाळेत यातलं काहीच नसतं. दहा-बारा जण, वर पंखा, प्रत्येकाच्या हातात १७ पट्ट्या, आणि एकाचा सा दुसऱ्याच्या सा शी जुळलेला असेलच याचा भरवसा नाही. त्यामुळे घरी एकट्याने शिकण्याचा क्रम इथे चालत नाही. आधी सूर, मग हात, मग फक्त आठ पट्ट्या, मग एकत्र वाजवणं. गाणं सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन तासांत गाणं आलं नाही तरी काही बिघडत नाही. सूर न लावता गाणं काढायला बसलात तर मात्र दोन्ही तास फुकट जातात.

कोणता कलिंबा न्यायचा

सगळ्यांकडे एकाच रचनेचा असणं ही पहिली अट. आज दुकानांत आणि ऑनलाइन सर्रास मिळतो तो १७ पट्ट्यांचा (दुकानदार ‘१७ की’ म्हणतो), सी मेजरमध्ये लावलेला. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एकचा सा आणि सगळे शुद्ध स्वर. हाच घ्या. २१ पट्ट्यांचा जास्त चांगला असेल असं वाटतं, पण त्याची मांडणी वेगळी असते आणि शिकवणाऱ्याने ‘डावीकडची तिसरी’ म्हटलं की तुमचा हात भलतीकडे जातो. काही १७ पट्टीचे कलिंबे बी फ्लॅट किंवा जी मध्ये लावलेले येतात, म्हणून खरेदीआधी वर्णन नीट वाचा.

पेटीसारखा पोकळ, पुढे गोल भोक असलेला कलिंबा जास्त मोठा वाजतो. सपाट फळीचा कलिंबा सुरात तितकाच असतो, पण समूहात ऐकू येत नाही. तुमच्याकडे तोच असेल तर तो लाकडी टेबलावर टेकवून वाजवा, टेबलच त्याची पेटी होतं. प्लास्टिकच्या खेळण्यातल्या वाद्यावर वेळ घालवू नका.

सोबत ठेवायचं सामान थोडंच आहे: कलिंबाबरोबर आलेली छोटी हातोडी, ट्यूनरचं ॲप टाकलेला चार्ज केलेला फोन, मायक्रोपोर टेप, पेन्सिल, वही. आणि नखं. अंगठ्याचं नख बोटाच्या टोकापुढे एक-दोन मिलिमीटर असावं. आदल्या दिवशी नखं मुळापर्यंत कापून आलात तर अर्ध्या तासात अंगठा हुळहुळायला लागतो. फार लांब नखही नको, ते पट्टीखाली अडकतं.

सूर लावणं: आधी हेच

पट्ट्या ज्या आडव्या दांडीवर टेकतात ती घोडी. पट्टी घोडीवरून पुढे किती आली आहे यावर तिचा सूर ठरतो. तुमच्याकडच्या टोकापासून घोडीपर्यंतचा भाग हलतो. तो लांबला की सूर उतरतो, आखूड झाला की चढतो. म्हणून:

सूर उतरलेला असेल तर पट्टीच्या वाजवायच्या टोकावर, म्हणजे तुमच्याकडून, हातोडीने हलकं ठोका. पट्टी आत सरकते, सूर चढतो.

सूर चढलेला असेल तर पट्टीच्या मागच्या टोकावर ठोका. पट्टी तुमच्याकडे येते, सूर उतरतो.

‘हलकं’ हा शब्द नवखे लोक कानाआड करतात. एक टिचकीएवढा ठोका, मग पट्टी वाजवून बघा, मग पुढचा ठोका. जोरात मारलं की सूर पलीकडे निघून जातो आणि दोन्ही बाजूंनी ठोकाठोकी सुरू होते. वाद्य मांडीवर घेऊन पोटाशी टेकवा, हवेत धरून ठोकू नका.

ट्यूनर ४४० हर्ट्झवर ठेवा. मधली, सगळ्यात लांब पट्टी सी ४ दाखवायला हवी, तोच आपला सा. काटा पाच सेंटच्या आत आला की पुरे (हार्मोनियमच्या दोन लगतच्या स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). सगळ्यात आखूड पट्ट्या वाजवल्यावर ॲप गोंधळतं, कधी भलताच स्वर दाखवतं. धातूच्या पट्टीतून मूळ सुराबरोबर बरेच वरचे, न जुळणारे सूर निघतात, नखाच्या फटक्याने ते आणखी उसळतात. नख न लावता अंगठ्याच्या मांसल भागाने हळू वाजवा, आकडा स्थिर होतो.

बारा जणांच्या खोलीत २०४ पट्ट्या होतात. त्या सगळ्या तिथे लावत बसलात तर निम्मी वेळ संपली. घरून सूर लावून या आणि अर्धा तास आधी पोचा. खोलीत फक्त मधल्या आठ पट्ट्या, सा ते तार सा, पुन्हा तपासायच्या. एकाने वाजवायचं तेव्हा बाकीच्यांनी गप्प राहायचं, नाहीतर ॲप शेजाऱ्याचा सूर पकडतं. फोन कलिंबाच्या भोकाजवळ धरा.

मग ॲप बंद करा आणि कानाने तपासा. तानपुऱ्याचं ॲप पांढरी एकवर, सा-प लावून चालू ठेवा आणि एकेकाने आपला सा वाजवायचा. दोन कलिंबे एकमेकांशी थोडेसेच हुकलेले असतील तर लांब टिकणाऱ्या सुरात ‘वॉव-वॉव’ असं डोलणं ऐकू येतं. डोलणं जितकं जलद तितकं अंतर जास्त. ते थांबेपर्यंत दोघांपैकी एकानेच ठोकायचं, दोघांनी नाही. हे डोलणं ओळखता यायला लागलं की पुढच्या वेळी निम्मं काम ॲपशिवाय होतं.

एखादी पट्टी झिणझिणत असेल तर सूर लावून ती सुधारणार नाही. बहुतेकदा पट्टी घोडीवर नीट बसलेली नसते, किंवा शेजारच्या पट्टीला चिकटून असते. तिला बोटाने किंचित बाजूला सरकवून बघा. तरीही झिणझिण राहिली तर घोडीवर पट्टीखाली कागदाचा बारीक तुकडा सरकवा. पट्ट्या दाबून धरणाऱ्या दाबपट्टीचे स्क्रू सैल असतील तर ते आवळा, पण त्यानंतर सगळे सूर पुन्हा लावावे लागतील हे लक्षात ठेवा. (गंमत म्हणजे झिंबाब्वेच्या एम्बिरावर, म्हणजे कलिंबाच्या पूर्वज वाद्यावर, बाटल्यांची झाकणं किंवा शिंपले मुद्दाम लावतात, ती झिणझिण तिथे हवीच असते. आपल्या कारखानी कलिंबावर ती दोष धरली जाते.)

धरायचं कसं

दोन्ही हातांची बोटं मागे आणि बाजूंना, अंगठे वर. कोपरं शरीराजवळ, खांदे सैल. वाद्य नाभीच्या थोडं वर, समोरचं टोक किंचित वर उचललेलं. मागे दोन छोटी भोकं असतील तर ती बोटांनी झाकली जाणार नाहीत असं धरा. ती भोकं नंतर आवाज हेलकावायला उपयोगी पडतात. पहिल्या दिवशी झाकली गेली की आवाज बसका येतो आणि माणूस वाद्याला दोष देतो.

आघात असा: अंगठ्याचं टोक पट्टीच्या टोकापासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवा, खाली दाबा, आणि अंगठा टोकावरून पुढे निसटू द्या. पट्टी वर ओढायची नाही. आधी मांस, शेवटी नख, असा दोन्हींचा स्पर्श झाला की आवाज गोल येतो. नुसतं नख लागलं की टिकटिक, नुसतं मांस लागलं की आवाज दबलेला.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे जोर. खोलीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून माणूस जोरात मारतो, त्याचं ऐकून शेजारी जोरात मारतो, आणि वीस मिनिटांत सगळ्यांचे अंगठे लाल होतात. जोराने आवाज फारसा वाढत नाही, नुसता कर्कश होतो. ऐकू येत नसेल तर वाद्य कानाकडे थोडं उचला किंवा निम्म्या लोकांना थांबायला सांगा. अंगठा चुरचुरायला लागला की लगेच मायक्रोपोर लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही, मग चार दिवस सुट्टीच.

कोणता स्वर कुठे

मधली पट्टी सा. तिथून स्वर आलटून पालटून डावी-उजवी करत बाहेर जातात. मधल्यापासून मोजत (स्वरावरचं टिंब म्हणजे वरचं, तार सप्तक; अतितार म्हणजे त्याच्याही वरचं):

डावीकडे: १ रे, २ म, ३ ध, ४ सां, ५ गं, ६ पं, ७ नीं, ८ अतितार रे
उजवीकडे: १ ग, २ प, ३ नी, ४ रें, ५ मं, ६ धं, ७ अतितार सा, ८ अतितार ग

म्हणजे सा रे ग म प ध नी सां असं वाजवायचं तर: मधली, डा१, उ१, डा२, उ२, डा३, उ३, डा४. अंगठे चालल्यासारखे आलटून पालटून पडतात, म्हणून सरळ आरोह पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि लोकांना वाटतं की झालं, आलं.

खरी गोम पुढे आहे. सप्तक ओलांडलं की प्रत्येक स्वर बाजू बदलतो. मध्य सप्तकातला रे डावीकडे, तार रें उजवीकडे. ग उजवीकडे, गं डावीकडे. ज्याने खालच्या सप्तकात ‘ग म्हणजे उजवा अंगठा’ असं पाठ केलं तो वर जाऊन हमखास चुकतो. म्हणून पहिल्या कार्यशाळेत वरच्या नऊ पट्ट्यांना हात लावायचा नाही. मधल्या आठ पट्ट्यांवरच काम करा.

दुसरी गोष्ट शिकवताना सहसा सांगितली जात नाही. शेजारच्या दोन पट्ट्या, एकाच बाजूच्या, एक स्वर सोडून असतात: रे-म, म-ध, ग-प, प-नी. त्या एकत्र वाजल्या तर कानाला गोड लागतात. त्यामुळे अंगठा चुकून दोन पट्ट्यांवर पडला तरी चूक कळत नाही, उलट ‘व्वा’ वाटतं. एकट्याचं चालून जातं. दहा जणांनी असं केलं की नुसता गोंगाट. तपासायचं असेल तर शेजाऱ्याला एकच पट्टी वाजवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका, दोन सूर आले की लगेच कळतं.

पट्ट्यांवर आकडे किंवा सी-डी-इ कोरलेलं असतं. स्टिकर लावायचेच असतील तर मधल्या आठ पट्ट्यांनाच, आणि सा रे ग म मध्ये लावा. आकड्यांची लिपी इंटरनेटवर खूप मिळते, त्यात १ म्हणजे सा आणि वरचं टिंब म्हणजे तार सप्तक. खालून वर वाचायच्या कलिंबाच्या उभ्या पट्ट्यांचा तक्ताही दिसेल. नवख्याने सरगमवरच राहावं असं आमचं मत आहे. मराठी कानाला ‘ग प ध’ म्हटलं की स्वर ऐकू येतो, ‘३ ५ ६’ म्हटलं की फक्त आकडा.

हात बसवणं: अलंकार

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप) मिनिटाला ६० वर ठेवा. एका ठोक्याला एक स्वर. पहिल्यांदा आरोह-अवरोह, चार वेळा. मग सा रे ग, रे ग म, ग म प असा तीन-तीनचा पलटा. मग सा ग, रे म, ग प, म ध. हा शेवटचा सगळ्यात कठीण, कारण एकच अंगठा दोनदा पडतो: रे-म दोन्ही डावीकडे, ग-प दोन्ही उजवीकडे. इथे अंगठा उचलून पुढच्या पट्टीवर ठेवायला वेळ लागतो आणि लय मागे पडते. लय कमी करा, ५० वर आणा. घाईत हा पलटा बसत नाही.

मधली पट्टी कोणत्या अंगठ्याने? पुढचा स्वर ज्या बाजूला असेल त्याच्या उलट अंगठ्याने. सा नंतर रे असेल तर सा उजव्याने, सा नंतर ग असेल तर सा डाव्याने.

कलिंबाला सूर थांबवण्याची सोय नसते. खालची पट्टी काही सेकंद वाजत राहते, वरची लवकर विरते. म्हणून एका स्वरावर दुसरा चढतो. थोडा चढला तर सुंदर, पण म आणि ग एकत्र घुमले की कानाला खटकतं. थांबवायचा असेल तर वाजलेल्या पट्टीवर अंगठ्याचं मांस अलगद टेकवा. टेकवताना ‘ठक्’ येत असेल तर तुम्ही आपटताय.

एकत्र वाजवणं

सगळ्यांनी एकच धून एकदम वाजवली तर काय होतं ते एकदा करून बघाच. कलिंबाचा आघात टोकदार असतो, त्यामुळे दहा जणांचा एकच स्वर लाह्या फुटल्यासारखा विखुरतो. बासरी किंवा व्हायोलिनवर ही चूक झाकली जाते, इथे नाही. म्हणून समूहाला एकसारखं वाजवायला लावण्यापेक्षा कामं वाटून द्यावीत.

ज्या भागातून हे वाद्य आलं तिथेही हेच केलं जातं. दक्षिण आफ्रिकेत ह्यू ट्रेसी यांनी १९५० च्या दशकात पाश्चात्त्य स्वरांत लावलेला कलिंबा बनवायला सुरुवात केली. त्याचं मूळ झांबेझी खोऱ्यातल्या आणि झिंबाब्वेतल्या शोना लोकांच्या एम्बिरासारख्या वाद्यांत आहे. २०२० मध्ये युनेस्कोने मलावी आणि झिंबाब्वेमधली एम्बिरा बनवण्याची आणि वाजवण्याची कला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. शोना एम्बिरावादनात एक वादक मुख्य भाग धरतो, त्याला कुशाउरा म्हणतात. दुसरा त्याच्या मधल्या जागांत आपले स्वर गुंफतो, तो कुत्सिन्हिरा. दोघांच्या मधून तिसरीच चाल ऐकू येते. कार्यशाळेतल्या नवख्यांनाही गुंफण जमते, फक्त स्वर कमी हवेत.

भूप राग त्यासाठी सोपा पडतो: सा रे ग प ध. म आणि नी वर्ज्य, म्हणून डा२ आणि उ३ या दोन पट्ट्यांवर टेपचा तुकडा चिकटवा, अंगठा चुकून तिथे गेला तर स्पर्शानेच कळेल. भूपात एक अडचण आहे ती आधीच ओळखून ठेवा. म गाळल्यामुळे ग-प दोन्ही उजव्या अंगठ्यावर येतात, नी गाळल्यामुळे ध-सां दोन्ही डाव्यावर. अडखळाल ते इथेच.

आठ मात्रांची दोन आवर्तनं, केरवा तालाच्या लयीत:

सा रे ग – | प ग रे –
ग प ध प | ग रे सा –

पट्ट्यांत: मधली, डा१, उ१, थांबा | उ२, उ१, डा१, थांबा. मग उ१, उ२, डा३, उ२ | उ१, डा१, मधली, थांबा.

आता तीन गट करा.

पहिला गट सूर धरतो: पहिल्या आणि पाचव्या मात्रेला मधली आणि उ२ एकदम, म्हणजे सा-प. काम सोपं दिसतं, पण लय याच गटाच्या हातात असते. सगळ्यात स्थिर माणसं इथे बसवा, नवखी असली तरी चालतील.

दुसरा गट धून वाजवतो. तीन-चार जणांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर पुन्हा लाह्या.

तिसरा गट पहिल्या मात्रेला उजवा अंगठा मधल्या पट्टीवरून उ१, उ२ वर सरकवतो, सा-ग-प असा लहानसा झोत येतो. पाचव्या मात्रेला डाव्या अंगठ्याने डा३, डा४, डा५, म्हणजे ध-सां-गं. (डा५ ही एकच पट्टी आपल्या आठच्या बाहेरची.) झोत घ्यायची सुरुवात मात्रेवर नाही, किंचित आधी करा, म्हणजे शेवटचा स्वर मात्रेवर पडतो. नवखे मात्रेवर सुरुवात करतात आणि सगळा गट मागे ओढला जातो.

आधी पहिला गट एकटा, चार आवर्तनं. मग तिसरा गट येतो. मग धून. उलट क्रमाने केलं की धून वाजवणारे पळायला लागतात. तबल्याच्या ॲपवर केरवा ६० ते ७० च्या लयीत ठेवा, पण स्पीकर खोलीच्या मध्ये ठेवा. एका कोपऱ्यात ठेवला की दूर बसलेले मागे पडतात. अर्धवर्तुळात, एकमेकांचे अंगठे दिसतील असे बसा. पंखा शक्य असेल तर बंद. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, शिकवणाऱ्याकडे नाही, समोरच्या गटाकडे बघा.

लय पळाली तर थांबू नका. पहिल्या गटाने नुसता सा-प चालू ठेवायचा, बाकीच्यांनी थांबून ऐकायचं आणि पुढच्या समेवर शिरायचं. हे दोन-तीनदा झालं की गट स्वतःच सावरायला शिकतो. दर दहा मिनिटांनी गट बदला, प्रत्येकाने तिन्ही कामं करून बघायला हवीत.

कुणी गाणार असेल तर

कलिंबाचा सा पांढरी एक. गाणाऱ्याचा सा बहुधा तिथे नसतो. १७ पट्ट्या दोन स्वर चढवत बसू नका. भूप असेल तर म (पांढरी चार) किंवा प (पांढरी पाच) यांना सा मानून तोच भूप पट्ट्या पुन्हा न लावता मिळतो, पट्ट्या फक्त वेगळ्या पडतात. प ला सा मानला तर नी कोमल येतो, म्हणजे खमाज थाटाचं गाणं तसंच्या तसं जमतं. ध ला सा मानला की आसावरी थाटाचे स्वर, रे ला मानला की काफीचे. कोमल स्वरांची गाणी काढायची ही सगळ्यात सोपी वाट आहे. भैरव किंवा तोडी मात्र असे मिळणार नाहीत, त्यासाठी पट्ट्या वेगळ्या लावाव्या लागतात, ते पुढच्या कार्यशाळेचं काम.

घरी आल्यावर

रोज दहा मिनिटं पुरतात, रविवारी दोन तास बसण्यापेक्षा बरे. त्यातली तीन मिनिटं सा ग, रे म हा पलटा, बाकी भूप. अंगठा दुखत असताना वाजवू नका.

वाद्य झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पट्ट्या पुसा, घामाने त्यांना गंज चढतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात तर आठवडाभरात तांबूस ठिपके दिसायला लागतात. पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवा. तेल लावू नका, ते घोडीखाली जाऊन पट्टी सरकते आणि धूळ धरते. गंज दिसलाच तर खोडरबराने हलकं घासा, पॉलिशपेपर नको. आणि मे महिन्यात कलिंबा बंद गाडीत ठेवू नका. पेटीचे सांधे गोंदाने चिकटवलेले असतात, उन्हाने ते सुटतात.